लेणी, पैठणी आणि पाणपक्षी: संभाजीनगरच्या चार दिवसांत कसं बसवावं?

शाईपेन

मंडळी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला चार दिवस मुक्काम ठरतोय. पुण्याहून स्वतःच्या गाडीने, दोघं जण. अजिंठा, वेरूळ आणि पैठण ही तीन ठिकाणं नक्की, बाकी मोकळं.

‘सगळं उरकलं’ अशी सहल नको आहे. एकच धागा धरून हिंडायचंय, तो म्हणजे पक्षी. भिंतीवर रंगवलेले, दगडात कोरलेले, पदरावर विणलेले आणि जिवंत. जाणकारांनी कृपया सांगावं:

१. वार आणि वेळा कशा लावाव्यात?
२. जायकवाडीचं पाणी अफाट आहे. उभं कुठे राहायचं?
३. दुर्बीण एकच घ्यायची आहे. ती लेण्यांतही कामाला यावी.
४. बसलेल्या माणसाचं रेखाटन जमतं, पण पक्षी दोन सेकंदांत उडतो. तिथे काय करतात?
५. परत आल्यावर हा नाद रोजच्या धबडग्यात कसा टिकवायचा? सकाळचा अर्धा तास मिळतो, त्याहून जास्त नाही.

‘गुगल करा’ म्हणणाऱ्यांचे आगाऊ आभार.

नाथसागरकाठ

आधी वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दरवर्षी निम्मे लोक इथेच फसतात, कारण दोन्हींना एकच सुट्टी असेल असं गृहीत धरतात. शनिवार-रविवार अजिंठ्याला टाळता आला तर टाळा. रंगवलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, त्यामुळे गर्दीच्या दिवशी दारातच वेळ जातो.

अजिंठा शहरापासून साधारण १०० किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघा. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवावी लागते, तिथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर बसने. नऊला दार उघडतं. बहुतेक सगळे गट १ नंबरपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. तुम्ही सरळ पुढे चालत १७ गाठा, मग १६, आणि परतताना २ आणि १. पक्ष्यांसाठी १७ आणि २ ही दोन मुख्य. बाकी लेण्यांत वेळ उरला तरच.

१७ मध्ये हंसजातक आहे: फाशात सापडलेला हंसांचा राजा आणि त्याला सोडून न जाणारा त्याचा सेनापती सुमुख. २ च्या छतावर हंसांची जी पट्टी आहे तिच्यासाठी निदान वीस मिनिटं काढा. एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. कुणी मागे वळून बघतोय, कुणी पिसं साफ करतोय, कुणी पंख अर्धवट उघडलेत. चित्रकाराने खरे पक्षी तळ्याकाठी बसून पाहिले होते हे त्या मानांवरून कळतं.

उन्हातून आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही आणि लोक तेवढ्यात बाहेर पडतात. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं तरी द्या. बाहेर असतानाच गॉगल लावून ठेवलात तर हा वेळ कमी होतो. मोबाईलचा टॉर्च लावू नका. एक तर बंदी आहे, आणि डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावावे लागतात ते वेगळंच. फ्लॅशलाही बंदी. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, तो घरीच ठेवा. चपला काढाव्या लागतात, जानेवारीत फरशी गार असते, मोजे असू द्या.

वेरूळ तीस किलोमीटर. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणजे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. सकाळी टेकडीवरचे पक्षी, दुपारी कोरीवकाम असा क्रम ठेवा. कातळावर शेपूट उभारून बसणारा काळा चिमणा पक्षी दिसला आणि शेपटीखाली विटकरी रंग असला तर तो चीरक. मळकट निळा, अंगाने बुलबुलाएवढा आणि कड्याच्या टोकावर एकटाच बसलेला असेल तर निळा शैल कस्तूर, हा हिवाळी पाहुणा. कैलासात दक्षिण बाजूला रामायणाचा पट आहे, त्याच बाजूला जटायू आणि रावणाची झुंज शोधा. २१ नंबरच्या लेण्यात कार्तिकेयाबरोबरचा मोर बघायला विसरू नका.

जायकवाडी. पैठणला धरणाची भिंत आहे, म्हणून लोक तिथेच जातात आणि ‘पक्षी नव्हते’ म्हणत परततात. भिंतीजवळ पाणी खोल. बदकं, करकोचे, शेकाटे यांना वीत-दोन वीत पाणी आणि चिखल लागतो, तो वरच्या अंगाला, फुगवट्याच्या पाण्यात. पाणी जसजसं ओसरतं तसा गाळपेरा उघडा पडतो आणि पक्षी तिथे जमतात. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी जानेवारीतही पक्षी विखुरलेले असतात, मग फेब्रुवारी-मार्च जास्त चांगला. म्हणून आदल्या दिवशी पैठणला वन खात्याकडे किंवा काठच्या गावात मासेमारी करणाऱ्यांकडे एकच प्रश्न विचारा: ‘पाणी कुठवर उतरलंय?’ पक्षी कुठे आहेत हे विचारू नका, उत्तर ‘सगळीकडे’ असंच येतं.

उभं राहायची जागा ठरवताना सूर्य पाठीशी हवा. सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या काठावर उभं राहून पश्चिमेला बघा. उलट उभे राहिलात तर पाचशे पक्ष्यांचे पाचशे काळे ठिपके दिसतील. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, मग कितीही चांगली दुर्बीण असली तरी चोचीचा रंग कळत नाही. तेव्हा साडेदहाला आवरा आणि पैठण गावात पैठणीचे हातमाग बघायला जा.

भिंगवाला

फक्त तिसऱ्या प्रश्नापुरतं.

८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. एवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात उतरतो, आणि पहाटे किंवा लेण्यात तोच उपयोगी पडतो. ८×३० हलकी, पण तिचा झोत पावणेचार मिलिमीटरचा. १०×४२ च्या मोहात पडू नका. हाताचा कंपही दहापट दिसतो आणि दृश्याचा घेर लहान होतो.

लेण्यासाठी दुकानात एकच गोष्ट तपासा: जवळात जवळ किती अंतरावर नीट दिसतं. दोन मीटर किंवा त्याहून कमी हवं. पाच मीटरवाली दुर्बीण छताला चालेल, पण समोरच्या भिंतीसाठी तुम्हाला मागे मागे सरकावं लागेल आणि मागे खांब असतो.

नवी दुर्बीण धूसर दिसते अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा उजव्या डोळ्याचं कडं जुळवलेलं नसतं. उजवं भिंग हाताने झाका, डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. तो आकडा लक्षात ठेवा. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप पूर्ण आत दाबा, नसेल तर बाहेर ओढा.

शाईपेन

नाथसागरकाठ, फारच उपयोगी. एक शंका. अजिंठ्यातला हंस म्हणजे राजहंसच ना? मग तो आपल्याकडे जिवंत कुठे दिसेल? कॅलेंडरवर असतो तसा लांब मानेचा पांढरा.

कादंबिनी

इथे थांबून नीट बघायला हवं, कारण तुमच्या सगळ्या सहलीची गोम इथेच आहे.

कॅलेंडरवरचा लांब, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या मानेचा पांढरा पक्षी युरोपातून छापील चित्रांबरोबर आला. तो भारतात क्वचितच, आणि उत्तरेकडे भरकटून येणारा. जुन्या भारतीय चित्र-शिल्पांतला हंस हा बहुतांशी कलहंसाच्या कुळातला: आखूड जाडसर मान, भरदार छाती, आखूड पाय, चालताना डुलणारा. ‘हंसगती’ म्हणतात ती याची, लांब मानेवाल्याची नव्हे. लांब मानेवाला जमिनीवर बेताचाच चालतो.

त्यातला आपल्याकडे येणारा म्हणजे पट्टकादंब. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो, आणि तुम्ही जाताय त्याच जायकवाडीच्या काठाला जानेवारीत असतो. ओळख सोपी: राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. मानेच्या कडेने वरून खाली उतरणारी पांढरी रेघ. चोच आणि पाय पिवळे-नारिंगी, चोचीच्या टोकाला काळा ठिपका. सकाळी हे काठावरच्या गवतात किंवा कापणी झालेल्या शेतात चरतात, पाण्यात शोधत बसू नका. कळप चरत असताना एक-दोन पक्षी मान ताठ करून उभे असतात. त्या सगळ्यांच्या माना वर झाल्या की तुम्ही फार जवळ गेलात, तिथेच थांबा.

आता असं करा. आधी अजिंठा, मग जायकवाडी, याच क्रमाने जा. २ नंबरमधल्या पट्टीतल्या एखाद्या हंसाची फक्त बाह्यरेषा वहीत घ्या: मान छातीला कुठे मिळते, चोच डोक्यापासून कोणत्या कोनात उतरते. शेपूट सोडून द्या, कारण तिथे चित्रकाराने पुष्कळदा पक्षी संपवून वेलबुट्टी सुरू केलेली असते. दोन दिवसांनी काठावर चरणाऱ्या पट्टकादंबाची तीच रेषा त्याच पानावर शेजारी काढा. कुठे चित्रकार पक्ष्याशी इमानी राहिला आणि कुठे त्याने वळण आपल्या मर्जीने वाढवलं, ते त्या दोन रेषांच्या फरकात दिसतं.

चक्रवाकाचंही तसंच. नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोकं, जोडीने राहणारा. जुन्या कवितेत रात्री विरहाने हाका मारणारी जोडी हीच. त्याला गावाकडे ब्राह्मणी बदकही म्हणतात. जायकवाडीला हमखास दिसतो आणि दुर्बिणीशिवायही ओळखू येतो.

रंगांबद्दल एक टीप, चित्र काढताय म्हणून. अजिंठ्याचे रंग ओल्या चुन्यावरचे नाहीत. कातळावर भुसा-गवत मिसळलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. पिवळी माती, गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरा. निळा मात्र राजवर्त दगडाचा, बाहेरून आणलेला, म्हणून बेताने वापरलेला. तुमच्या रंगपेटीत पिवळा ऑकर, तांबूस गेरू, मातकट हिरवा, काळा आणि एक निळा एवढे पाच असले तरी अजिंठाही निघतो आणि चीरक, होला, चक्रवाकही. चोवीस रंगांची पेटी नेऊ नका. आणि लेण्यात ओला रंग उघडायचाच नाही. आत फक्त पेन्सिल, रंग बाहेर पायरीवर बसून.

अर्धवर्तुळ

मर्लिन अॅप लावलं की आवाजावरून नाव येतं. मग हा वही-पेन्सिलचा खटाटोप कशाला? प्रामाणिक प्रश्न.

खोडरबर_घरी

अॅप वापरा, पण ते काय करतं ते ओळखून. आवाजाच्या आलेखाची तुलना करून ते शक्यता सांगतं. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, तेव्हा अॅप ससाण्याचं नाव खुशाल दाखवतं. रहदारीत फोन खिशात असेल तर दोनच आवाज पकडतं आणि दहा सोडतं. नाव आलं की पक्षी डोळ्यांनी बघून मगच नोंद करा. आणि त्यातलाच आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. नर ते आव्हान समजतो, चारा टिपणं सोडून हद्द राखायला धावतो, आणि वीणीच्या काळात घरटं तेवढा वेळ उघडं पडतं.

आता चौथा प्रश्न. उडणारा पक्षी काढायचा प्रयत्नच चुकीच्या टोकाने होतो, म्हणजे चोचीपासून. चोच, डोळा, मग एकेक पीस, आणि तेवढ्यात पक्षी गेला. हातात राहतं डोकं. क्रम असा ठेवा:

पहिले तीन सेकंद कागदाकडे बघायचंच नाही. पक्ष्याचा कणा कसा कललाय तेवढंच बघा. धोबी आडवा, खंड्या तिरपा, बगळा उभा. मग एक रेघ, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. त्या रेघेवर अंड्याएवढं अंग आणि त्यावर डोक्याचा गोल. अंगात डोकं किती वेळा बसतं हे डोळ्यांनी मोजा. नवशिक्याचं डोकं नेहमी मोठं येतं, कारण आपण चेहऱ्याकडे बघतो. इथवर दहा सेकंद. पक्षी उडाला तरी पान वाया गेलं नाही.

बसलेला असेल तर पुढे शेपूट: मिटलेला पंख शेपटीच्या कुठवर पोचतो हे ओळखीलाही लागतं आणि चित्रालाही. मग पाय. पायाचा जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा पिसांत झाकलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बगळ्याचे पाय खुर्चीच्या पायांसारखे यायचे थांबतात. तोल तपासायला पंजाच्या मधून वर उभी रेघ मनात न्या, ती अंगाच्या जाड भागातून गेली पाहिजे. मागून गेली तर तुमचा पक्षी नाकावर पडणार.

डोळा सगळ्यात शेवटी. तो चोचीची फट जिथे संपते त्या कोपऱ्याच्या किंचित वर आणि मागे असतो. बहुतेकांचा डोळा कपाळात जातो आणि साळुंकीचं घुबड होतं.

पिसं मोजून काढू नका. मिटलेल्या पंखाचे दोन-तीन गट असतात, त्यांच्या कडा दाखवल्या की पुरे. गडद भाग एकसलग भरा. रंग लिहून ठेवा: ‘पाय पिवळे’, ‘भुवई पांढरी’. वेळ, जागा, काय करत होता हेही.

एका पानावर एकच पक्षी मांडू नका. पाच-सहा अर्धवट आकार एकदम सुरू करा. पक्षी त्याच त्या ढबी पुन्हा पुन्हा घेतो. वेडा राघू तारेवरून झेपावतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येऊन बसतो. तो परतला की ज्या ढबीत बसला ते अर्धवट चित्र पुढे न्यायचं. टिबुकली बुडाली की दहा-वीस सेकंद पाण्याखाली असते, तेवढ्यात आधीची रेघ सुधारा. पाण्यातल्या पक्ष्याची पाण्याची रेघ आधी मारा, नाहीतर बदक पाण्यावर ठेवलेल्या बाटलीसारखं दिसतं.

दुर्बीण आणि पेन्सिल एकत्र हातात राहत नाहीत, ही खरी अडचण आहे. पाच सेकंद दुर्बिणीतून बघा, दुर्बीण छातीवर सोडा, आठवलं तेवढं काढा, पुन्हा बघा. आठवणीतून काढताना हात अडतो तिथेच नीट बघायचं राहिलेलं असतं. पुढच्या वेळी फक्त तेवढंच बघा.

सामान: ए-५ आकाराची, १५० जीएसएमच्या वरच्या कागदाची वही, पाणी जास्त वापरणार असाल तर २०० च्या वर. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि मागचं चित्र पुढे उमटतं. टूबी पेन्सिल दोन, एक हमखास गवतात हरवते. पान धरायला दोन क्लिपा, धरणाच्या काठी वारा असतो. खोडरबर नको. वेळ खातं.

आणि अर्धवर्तुळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अॅपमध्ये नाव राहतं. काढलेल्या पक्ष्याची शेपूट किती लांब होती हे तुम्हाला पुढल्या वर्षीही सांगता येतं.

तिल्ली

पैठणबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. शासकीय पैठणी केंद्रात माग चालू असताना बघता येतो. मागाला विणकराच्या पाठीमागून बघा, कडेने नको, नाहीतर पदरावरचं काम दिसत नाही.

पक्ष्यांची नावं इथे निराळी. पैठणीत ‘मुनिया’ म्हणतात तो पोपट, हिरवा. पक्षीनिरीक्षकांची मुनिया वेगळीच, दाणे टिपणारी चिमणीएवढी. दोघांशी बोलताना गोंधळ करू नका. बांगडी मोर म्हणजे बांगडीच्या गोलात बसवलेले मोर. हंसही जुन्या नमुन्यांत येतो.

बघायचं काय? मोराची मान. ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे, म्हणून विणीत गोलाई नसतेच, पायऱ्या असतात. प्रत्येक रंगाचा धागा स्वतंत्र छोट्या तिल्लीवर, म्हणजे धागा गुंडाळायच्या कांडीवर असतो, रंग बदलतो तिथे विणकर एक तिल्ली सोडून दुसरी घेतो आणि दोन धागे एकमेकांत अडकवतो. मान गोल वाटते ती या पायऱ्या किती बारीक पाडल्या त्यावर. त्याच कारणाने हातमागाची खरी वीण मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. उलट बाजूला मोरामागे सुट्या धाग्यांचे लोंबते पूल किंवा कापलेली टोकं दिसली तर ते यंत्रमागाचं काम. साडी घ्यायची नसली तरी पदर उलटून बघायला कुणी नाही म्हणत नाही.

चित्र काढणाऱ्यांनी इथे साध्या वहीऐवजी आलेखाचा कागद न्यावा. विणकरही नक्षी चौकटींतच मांडतात. हंसाची तीच मान जी अजिंठ्यात एका झटक्यात ओढली, ती इथे चौकटी मोजून काढावी लागते.

नाशिककडून येणाऱ्यांसाठी हीच जोडी येवला आणि नांदूर मधमेश्वर अशी जमते. पैठणीचे माग येवल्यात, आणि गोदावरी-कादवेच्या संगमावरचं पाणी जवळच. राज्यातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ती, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली.

साळुंकी_बाल्कनी

आता पाचवा, रोजचा अर्धा तास.

जागा बदलू नका. एकच झाड, एकच अर्धा तास. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा, पळस फुलतो तेव्हा असं एक झाड धरा. फुलात मध असतो, त्यामुळे शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि हिवाळ्यात आलेल्या पळसमैना एकाच झाडावर येतात. तुम्ही हलत नाही म्हणून पक्षी हलतात, आणि त्याच ढबी परत परत दिसतात. फुलं नसतील तेव्हा वड, पिंपळ, उंबर पिकलाय का ते बघा. तिथे तांबट, हळद्या आणि पुण्यासारख्या शहरातही राखी धनेश. तांबटाचा टुकटुक आवाज सगळीकडून येतोय असं वाटतं, कारण तो बोलताना डोकं इकडेतिकडे वळवतो. वाळक्या उघड्या फांदीच्या टोकाला बघा.

फक्त घार आणि पारवे असलेली खिडकीही पुरते. घारीची शेपूट खाचेची आहे आणि वळताना ती सुकाणूसारखी पिळते. तेवढी एकच गोष्ट आठवडाभर काढा.

घरात बघा. समईच्या टोकावर पक्षी असतो, पण तो कोणता हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं. डोक्यावर तुरा आणि लांब शेपूट असेल तर मोर. चोच खाली आकडीसारखी वळलेली असेल तर राघू. चोच चपटी, शेपूट आखूड आणि चोचीत मोती किंवा कमळाचा देठ असेल तर हंस. ओतीव कामात तुरा घासून जातो, तेव्हा शेपटीवरूनच ठरवा. लामणदिव्याच्या साखळीतही पक्षी असतो. मोराची कोयरी, मोराची नथ ओळखीची आहेच. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघत एक सकाळ जाते.

मुंबईला जाणं झालं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एकाच इमारतीत लघुचित्रंही आहेत आणि नैसर्गिक इतिहासाच्या दालनात पेंढा भरलेले पक्षीही. ते हलत नाहीत, सरावाला उत्तम. मात्र त्यांच्या चोचीचा नि पायांचा रंग वहीत घेऊ नका. पिसांचा रंग बऱ्यापैकी टिकतो, कातडीचा उडतो आणि वरून रंगवलेला असतो, डोळे तर काचेचेच. लघुचित्रांत मोगल दरबारातले पक्षी बघाल तेव्हा एक ध्यानात असू द्या: जहांगीरच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने १६१२ मध्ये जो टर्की कोंबडा रंगवला तो मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेला होता. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ठाण्याच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर घड्याळ नको, भरती-ओहोटीचं कोष्टक लागतं. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगतात, पूर्ण भरतीला उडून दुसरीकडे जातात. पाणी चढत असताना ते काठाकडे ढकलले जातात, तेव्हा जा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या रविवारची वेळ पुढल्या रविवारी चालत नाही. चोच गडद लाल, लांबून काळीच वाटणारी आणि पक्षी जास्त गुलाबी असेल तर लहान रोहित. चोच फिकट गुलाबी, टोक तेवढं काळं आणि अंग पांढरट तर मोठा.

शाईपेन

सगळ्यांचे आभार. आराखडा असा केलाय: शुक्रवारी पोचणं, शनिवारी वेरूळ, रविवारी पहाटे जायकवाडी आणि मग पैठण, सोमवारी अजिंठा, मंगळवारी परत.

नाथसागरकाठ

सोमवारी अजिंठा बंद. सगळ्यात वर तेच लिहिलंय!

सोमवारी पोचा. मंगळवारी अजिंठा, बुधवारी वेरूळ, गुरुवारी पहाटे जायकवाडी आणि साडेदहानंतर पैठण. कादंबिनींनी सांगितलेला क्रमही राहतो आणि दोन्ही सुट्ट्या चुकतात. गुरुवारी पहाटे पाचला निघा, धुकं असलं तर वाटेत थांबा. धुक्यात काठ दिसत नाही आणि गाडी गाळात रुतते, ती काढायला ट्रॅक्टर लागतो.